नाक थोडं वाकडंच हवं

रिमोटवर उडणारं फोमचं विमान पडलं की आधी नजरेत भरतं ते तुटलेलं नाक. सगळी हळहळ तिथेच आणि सगळा गोंदही तिथेच ओतला जातो. खरं तर नाक हे दुरुस्तीतलं सगळ्यात सोपं काम. फोम चिकटतोच. चिकटल्यावर तो होता त्याच जागी आणि त्याच कोनात आहे का, हा खरा प्रश्न. विमान पुन्हा पडतं ते बहुतेक वेळा या प्रश्नाकडे कुणी पाहिलं नाही म्हणून.

या वेळचं विमान माझ्या पुतणीचं. शिकाऊंसाठी असतं तसं, वरच्या पंखाचं, ईपीओ नावाच्या लवचिक फोमचं, पंख सव्वा मीटरच्या आसपास. तिने ते एका पिशवीत आणि उरलेले तुकडे दुसऱ्या पिशवीत भरून आणले. तुकडे वेचून आणले याबद्दल तिला मनात पैकीच्या पैकी गुण दिले. नखाएवढा तुकडासुद्धा टाकायचा नसतो.

"काका, सिग्नल गेला," तिने सुरुवातीलाच जाहीर केलं.

विमान पाडणाऱ्या प्रत्येकाचा सिग्नल गेलेला असतो. मी विचारलं, "विमान तुझ्याकडे येत होतं की लांब जात होतं?"

"माझ्याकडे."

म्हणजे नेहमीचंच. विमान समोरून यायला लागलं की त्याचं डावं ते आपलं उजवं होतं. पंख कलतो, आपण तो सावरायला जातो आणि आणखी कलवून बसतो. यावर एक सोपी युक्ती आहे: समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली दिसतो, त्या बाजूला रिमोटची स्टिक, म्हणजे दांडी, ढकलायची. डावं-उजवं असा विचारच करायचा नाही. खाली गेलेल्या पंखाला स्टिकचा टेकू द्यायचा, बस्स. तरीही गोंद उघडण्याआधी मी सगळे कंट्रोल तपासले. एखादा कंट्रोल हॉर्न (पंख-शेपटीच्या हलत्या पट्टीवरचा खुंट) सैल होऊन किंवा त्याला ओढणारी तार, म्हणजे पुशरॉड, निसटून विमान पडलं असेल, तर नुसतं नाक चिकटवून ते पुन्हा तिथेच जाऊन पडणार.

त्याच्याही आधी बॅटरी. पडलेल्या विमानातली लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, बाहेर काढायची आणि जळाऊ काही जवळ नसेल अशा उघड्या जागी ठेवून लक्ष ठेवायचं. मार बसलेला सेल लगेच फुगतोच असं नाही, कधी कधी वेळ घेतो. हिची बॅटरी तीन सेलची, २२०० एमएएचची. कोपरा चेपलेला, व्होल्टेज मात्र तिन्ही सेलचं सारखं. "मग चांगली आहे ना?" नाही. चेपलेल्या पाउचच्या आत काय दुमडलंय ते मीटरला कळत नाही, आणि अशी बॅटरी चार्जरला लावण्याइतकी हौस मला नाही. ती बाद झाली. यावर थोडा वाद झाला, पण तो मी जिंकला.

नाकही याच बॅटरीनेच फोडलं होतं. जमिनीपेक्षा तिचाच वाटा मोठा. विमान थांबतं तेव्हा पावणेदोनशे ग्रॅमचा तो ठोकळा थांबत नाही, पुढे सरकून मोटर जिच्यावर बसवलेली असते त्या फळीवर हातोड्यासारखा बसतो. म्हणून फोम आतून बाहेर फाटलेला दिसतो. वेल्क्रोचा पट्टा होता, पण बॅटरीच्या बुडाला काहीच नव्हतं. आता बुडालाही वेल्क्रो लावलंय.

मग जुळवाजुळव. तुटलेल्या कडा घासायच्या नाहीत, हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी कुणीतरी पॉलिशपेपर घेऊन बसलेलं असतं. ईपीओ म्हणजे एकमेकांना चिकटलेले मणी. तुटताना ते जिथे सुटतात तिथे एका कडेवर उंचवटे आणि दुसरीवर बरोब्बर त्यांचेच खळगे राहतात. गोंद न लावता दोन्ही भाग हलकेच दाबले की एका ठिकाणी ते 'बसतात', बोटांना कळतं. त्या खळग्यांइतका अचूक साचा आपल्याला पुन्हा मिळणार नाही. कडा घासून सपाट केली की साचा गेला आणि नाक कुठल्याही कोनात चिकटायला मोकळं झालं.

पण इथे तर कडा चेपल्या होत्या, काही बसेचना. मग गरम पाणी. आतलं सगळं इलेक्ट्रॉनिक सामान काढून ठेवलं आणि उकळून थोडं निवलेलं पाणी चमच्याने चेपलेल्या जागेवर सोडत गेलो. काही क्षण काहीच होत नाही. मग चपटे झालेले मणी एकेक करून वर येऊ लागतात, सुरकुती भरते, कड पुन्हा कड दिसायला लागते. पुतणी अगदी नाक लावून बघत होती आणि तिला हे थांबवायचंच नव्हतं. थांबवावं लागतं. पाणी जास्त झालं तर मणी गरजेपेक्षा फुगतात, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि तो परत गुळगुळीत होत नाही. स्टिकरही सुटतात, ते वेगळं. हा उपाय ईपीओ आणि त्याच्यासारख्याच ईपीपी फोमला चालतो. साध्या थर्माकोलवर करू नये.

गोंदाबद्दल प्रत्येकाचं मत असतं, तसं माझंही आहे. सुपरग्लू ईपीओला चालतो आणि झटपट धरतो, पण वाळल्यावर काचेसारखा कडक होतो. पुढच्या धक्क्याला सांधा टिकतो आणि शेजारचा फोम फाटतो. थर्माकोलच्या विमानावर तर साधा सुपरग्लू फोमच खाऊन टाकतो, तिथे फोमसाठीचा वेगळा घ्यावा लागतो. ग्लूगन मैदानात तात्पुरतं जोडायला ठीक, पण तो गोंद जड असतो आणि उन्हात तापला की मऊ पडतो. फुगणारा पॉलियुरेथेन गोंद मला आवडतो. एक कड किंचित ओली करायची, दुसरीवर पातळ थर द्यायचा, तो फेस होऊन सगळ्या फटी भरतो. मात्र फुगताना तो दोन्ही भाग एकमेकांपासून ढकलतो. चिकटपट्टीने आवळून बांधलं नाही, तर दुसऱ्या दिवशी नाक दोन मिलिमीटर पुढे सरकलेलं सापडतं. मोटरच्या फळीसाठी मात्र एपॉक्सीच, तोही अर्ध्या तासाचा. पाच मिनिटांवाल्यात कोन नीट बघायलाही वेळ मिळत नाही.

आणि कोनच तर बघायचा होता.

फळी बसवताना पुतणी म्हणाली, "अरे काका, ही वाकडी बसतेय. सरळ कर ना." फळी वाकडीच होती, अगदी थोडी खाली आणि थोडी उजवीकडे झुकलेली. ती तशीच हवी. प्रॉपच्या, म्हणजे मोटरवरच्या पंख्याच्या, फिरण्याचा जोर विमानाला डावीकडे खेचतो, म्हणून मोटर दोन-तीन अंश उजवीकडे वळवलेली असते. वरच्या पंखाच्या विमानात थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, वाढवला की नाक वर उठतं, म्हणून ती थोडी खालीही झुकवलेली असते. पहिलं विमान दुरुस्त करणारा मोठ्या प्रेमाने हे 'सरळ' करून टाकतो. मग ते विमान हातातून सुटल्या सुटल्या डावीकडे वर जातं, वेग हरवतं आणि पंखावर पडतं. वर पुन्हा सिग्नल गेलेला असतोच.

शेपटी तुटली नव्हती, पण मी सोडली नाही. शेपटीच्या टोकाला मध्यावर टाचणी लावून दोरा बांधला आणि तो आधी एका पंखाच्या टोकापर्यंत, मग दुसऱ्याच्या टोकापर्यंत ताणला. दोन्ही अंतरं सारखी हवीत. इथे जवळजवळ सेंटिमीटरभराचा फरक निघाला. पंखाच्या बैठकीपाशी केसाएवढी चीर होती आणि धड तिथून किंचित मुरगळलं होतं. वरून बघून जन्मात कळलं नसतं. चीर उघडून गोंद भरला, दोरा समान आला तिथे पट्टीने बांधून ठेवलं, आणि सांधा वाळल्यावर दोन्ही बाजूंना बारीक कार्बन रॉड फोममध्ये खाचून बसवले.

सर्व्हो, म्हणजे पंख-शेपटीच्या हलत्या पट्ट्या फिरवणाऱ्या छोट्या मोटरी, तपासताना घाई करू नये. स्टिक या टोकापासून त्या टोकापर्यंत अगदी सावकाश न्यायची आणि कान द्यायचा. एलिव्हेटरचा, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या पट्टीचा, सर्व्हो ठीक होता. एलरॉनचा, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या पट्टीचा, एक मात्र मधल्याच एका जागी 'टक्' करून उडी मारायचा. नऊ ग्रॅमच्या सर्व्होत प्लास्टिकचे इवलेसे गिअर असतात, एक दात गेला की हेच होतं. स्टिक झपकन हलवली तर तो दोष लपतो. हवेत नेमका त्याच जागी अडकला तर? सर्व्हो बदलला.

प्रॉपला टोकाशी पांढरी रेघ दिसत होती. नायलॉनवर अशी रेघ म्हणजे तडा. आठ इंची प्रॉप मिनिटाला नऊ हजार फेरे मारत असेल, तर त्याचं टोक ताशी ३४५ किलोमीटरच्या आसपास जात असतं. प्रॉप कधीही चिकटवायचा नाही. दोन तुकडे करून टाकला, नाहीतर कुणीतरी उचलून परत लावतं. मोटर प्रॉपशिवाय फिरवली, शाफ्ट सरळ निघाला. चुंबकांना मातीतले लोखंडाचे कण चिकटले होते, ते चिकटपट्टीने उचलून काढले.

शेवटी सीजी, म्हणजे तोलाचा बिंदू. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरात दोन बोटं टेकवून विमान उचलायचं, ते सपाट राहायला हवं. आमचं शेपटीवर बसलं. मागच्या रॉडचं आणि गोंदाचं वजन. शेपटी लांब असल्याने तिथले पाच ग्रॅम तोलायला नाकात पंधराएक लागतात. वजन चिकटवण्याआधी नवी बॅटरी जरा पुढे सरकवून पाहिली, तेवढ्यानेच जमलं.

उडवलं तिनेच, मी शेजारी उभा. स्टिक उजवीकडे नेली की उजवं एलरॉन वर येतं का, हे विमान सोडण्याआधी मी तिच्याकडून मोठ्याने म्हणवून घेतलं. विमान सरळ निघालं, फक्त थ्रॉटल पूर्ण दिला की नाक थोडं वर उचलत होतं. तिचा हात लगेच एलिव्हेटरच्या ट्रिमकडे, म्हणजे त्याची मधली जागा किंचित बदलणाऱ्या बटणाकडे, गेला. "थांब, आधी मोटर बंद करून बघ." मोटर बंद करताच ते छान सपाट तरंगू लागलं. म्हणजे ट्रिमचा दोष नव्हता, मोटरचाच कोन थोडा कमी पडत होता. खाली उतरवून मोटरमाउंटच्या वरच्या दोन स्क्रूंवर, माउंट आणि फळीच्या मध्ये, एकेक पातळ वॉशर घातला.

"म्हणजे अजून वाकडं केलंस?"

"अगं, अर्धा अंश असेल."

पुढच्या उड्डाणात थ्रॉटल दिल्यावर नाक उचललं नाही. आता ती मैदानात मिळेल त्याला मोटर वाकडी का असते ते समजावत असते, आणि निम्म्या वेळा डावं-उजवं उलटं सांगते.