पावत्यांची पिशवी

आज दुपारी नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्यात गेले होते. तिथल्या काकूंच्या नळाचं पाणी मालकाने तोडलंय. त्यांनी कॅरीबॅगमधून भाड्याच्या पावत्या काढून कॉटवर मांडल्या. जुन्या पिवळ्या पडलेल्या, कडा कुरतडलेल्या, रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेल्या, वर सासऱ्यांची, मग नवऱ्याची नावं. "एक महिना चुकवला नाही गं," एवढंच म्हणाल्या.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २९ प्रमाणे पुरेशा कारणाशिवाय मालकाला पाणी-वीज तोडता येत नाही. तोडली तर कोर्टात अर्ज करून ती परत सुरू करून घेता येते. काकूंना हे कुणी सांगितलंच नव्हतं! कोथरूड-कर्वेनगरच्या भाड्याच्या फ्लॅटमधल्या मुलामुलींनाही कुठे माहीत असतं, की करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे?

अशा वेळी मुंबईच्या समाजवादी नेत्या मृणालताई गोरे फार आठवतात. आमदार झाल्या तरी पाण्यासाठी हंडा-मोर्चे आणि महागाईविरुद्ध लाटणं-मोर्चे सोडले नाहीत. नागरी निवारा परिषदेच्या लढ्यातून गोरेगावात हजारो सामान्य कुटुंबांना हक्काची घरं मिळाली. निवारा हा त्यांच्या लेखी सामाजिक न्यायाचाच प्रश्न होता. आपल्या पुण्यात पुनर्विकासाचे फ्लेक्स चौकाचौकात लागतात, पण भाडेकरूंसाठी विधानसभेत असं चिकाटीने भांडणारं माणूस मला हवंय. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे विचारणार आहे.

काकूंचा अर्ज उद्या वकिलांकडे देतोय. तुमच्या ओळखीत कुणाचं पाणी-वीज तोडली असेल तर इनबॉक्स करा. पावत्या मात्र जपून ठेवा.