राब भाजायचा तर वाऱ्याच्या उलट्या अंगाने

एप्रिल-मेत मुरबाड-शहापूरकडे गेलं की भाताच्या शेतांत मधूनमधून काळे चौकोन दिसतात. ठाण्या-कल्याणहून आलेल्या पाहुण्याला वाटतं, शेतकरी गवत पेटवतात. ते गवत नव्हे, तो राब. भाताचं रोप जिथे वाढवायचं तेवढाच तुकडा भाजून घ्यायचा. एकरभर लावणीला चार गुंठे राब पुरतो.

कामाला सुरुवात हिवाळ्यातच होते. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावच्या जत्रेचा बैलबाजार भरतो, ज्याला जोडी बदलायची तो तिथे बदलतो, आणि त्याच सुमारास कवळ, म्हणजे राबासाठी झाडांच्या पानांसकट फांद्या, तोडायला घेतात. ऐनाच्या बाजूच्या फांद्या तोडायच्या, शेंडा राखायचा. शेंडाच छाटला तर झाड खुरटतं आणि पुढची काही वर्षं कवळ मिळत नाही. कवळ आणि गवत यायचं ते वरकस जमिनीतून. वरकस म्हणजे पडीक माळ, असं समजून ती फार्महाऊसच्या प्लॉटला विकली जाते. खरं तर ती भातखाचराचीच जोडजमीन. ती गेली की राबाला पाला कुठून आणणार?

रचताना खाली वाळलेलं शेण, त्यावर कवळाचे टहाळ, मग गवत-पालापाचोळा, आणि सगळ्यात वर मातीचा पातळ थर. ही माती विसरली की सगळं फसतं. मातीमुळे आग धुमसत राहते आणि उष्णता खाली उतरते. नाहीतर पाला भडकून वरच्या वर संपतो. पेटवायचं तेही वारा जिकडे जातो त्या टोकाला, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध हळूहळू सरकते. वाऱ्याबरोबर लावली तर झरझर पळते, जमीन कच्ची राहते आणि शेजारच्या माळाला वणवा लागायची भीती वेगळीच. उलट जाडे ओंडके घातले तर माती विटेसारखी कडक होते.

एवढा खटाटोप कशासाठी? वरच्या थरातलं तणाचं बी आणि किडे मरतात, राखेतून पालाश (पोटॅश) मिळतं, माती भुसभुशीत होते आणि रोप उपटताना मुळं तुटत नाहीत. म्हणून भाजल्यावर नांगर वरवरच फिरवायचा. खोल घातला तर खालचं न भाजलेलं बी वर येतं आणि मेहनत पाण्यात जाते. भाजल्यावर जोराचा वळीव आला तर राख वाहून जाते, त्यावर इलाज नाही. बांध आधी नीट करून ठेवला तर थोडीफार वाचते.

पेरणीआधी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून बी त्यात टाकायचं. तरंगतं ते पोचट, काढून टाका. बुडालेलं दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं. मीठ राहिलं तर उगवण कमी होते.

ज्यांच्याकडे कवळ उरलं नाही त्यांनी तुसाची काळी राख वाफ्यात मिसळावी, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. त्यातल्या सिलिकामुळे रोप ताठ होतं. तणाचं बी मात्र तिने मरत नाही, त्यामुळे वाफ्यात खुरपणी आलीच. तरी दरवर्षी ऐन ओरबाडण्यापेक्षा हे बरं.

लावणी सावडीने होते: आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे, दिवसाला दिवस. हळवं भात आधी तयार होतं, त्याच्या लोंब्या नव्याच्या पौर्णिमेला दाराला बांधतात आणि नवा तांदूळ आधी देवाला जातो. गरवं, म्हणजे उशिरा तयार होणारं भात, मात्र खोलगट खाचरातच लावावं. माळावर पाऊस लवकर थांबला तर ते पोटरीतच, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या आधीच, सुकतं.

रोप 21 ते 25 दिवसांचं असताना, एका चुडात, म्हणजे एका जागी लावायच्या जुडीत, दोन-तीन काड्या, दोन-तीन सेंटिमीटर खोल लावायचं. त्याहून खोल गेलं की फुटवे कमी येतात. पाऊस लांबून रोप महिन्यापुढे गेलं तर चुडात चार-पाच काड्या घ्या आणि अंतर कमी करा, कारण जून रोपाला फुटवे कमीच येतात.