एवढी लहान चित्रे, आणि तीही वाचनालयात?

एवढी लहान चित्रे कशासाठी काढता, आणि काढलीत तर ती कलादालनात न लावता वाचनालयात का लावता, असे मला अनेक जण विचारतात. तुम्हीही विचारलेत म्हणून सविस्तर सांगते.

लघुचित्र मुळात भिंतीसाठी नव्हतेच. मोगल, दख्खनी आणि पहाडी दरबारांतली बहुतेक लघुचित्रे पोथ्यांत किंवा चित्रसंग्रहांत असत. ती हातात घेऊन, पाने उलटत पाहिली जात. आपल्या सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा हा तर पत्त्यांचा खेळच: 10 अवतारांचे 10 संच, प्रत्येकात 12 पाने, म्हणजे एकूण 120 गोल चित्रे. चिंचोक्यांच्या खळीने कापडाचे थर चिकटवून पान तयार करायचे, त्यावर रंगकाम करायचे आणि शेवटी लाखेचा लेप द्यायचा, तो खेळणाऱ्यांच्या हातांत फिरूनही रंग टिकावा म्हणून. कुणीतरी हाताळणार हे गृहीत धरून केलेली ती कला आहे, आणि मला तिचे हेच सर्वांत मोलाचे वाटते.

कलादालनात माणूस आधी मध्यभागी उभा राहून सगळ्या भिंतींवरून नजर फिरवतो. तळहाताएवढे चित्र त्या नजरेला सापडतच नाही. वाचनालयात मात्र वृत्तपत्र वाचायला रोज येणारे आजोबा त्याच खुर्चीवर बसतात आणि शेजारच्या चित्रातले पिंपळाचे पान आज नाही तर पुढच्या आठवड्यात त्यांना दिसतेच. म्हणून मी चित्रे उभ्या माणसाच्या नव्हे, तर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, जमिनीपासून साधारण 4 फुटांवर टांगते आणि शेजारी दोरीला भिंग बांधून ठेवते. मुले ते भिंग आधी स्वतःच्या बोटांवर धरतात, मग चित्रावर. दोन्ही मला तितकेच आवडते.

अडचणी आहेतच. जलरंग उन्हाने उडतात, त्यामुळे खिडकीसमोरची भिंत कितीही मोकळी असली तरी घेता येत नाही, आणि पावसाळ्यात कागदाला बुरशी धरू नये म्हणून चित्रे उतरवून ठेवावी लागतात.

तुमच्या ओळखीच्या दवाखान्यात, खानावळीत किंवा शिवणवर्गात ऊन आणि ओल नसलेली हातभर भिंत असेल, तर जरूर कळवा. चित्रे, खिळे आणि भिंग मी घेऊन येईन.