मॉडेलचं नाव नको, चिपचा आयडी सांगा

नोंद तिसरी. लिनक्ससाठी लॅपटॉप अजून घेतलेला नाही, पण यादी सातवरून दोनवर आलीये.

चाळणी एकच: कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि मेसा (खुल्या ग्राफिक्स ड्रायव्हरांचा संच) यांत जे आहे, तेवढ्यावरच ग्राफिक्स चाललं पाहिजे. बाहेरचं बंद, म्हणजे सोर्स कोड न दिलेलं, मॉड्यूल नको. कर्नल अपडेट केलं की काळी स्क्रीन, हे मागच्या मशीनवर पुरेसं भोगून झालंय.

इंटेलबद्दल फार लिहीत नाही. त्यांचा आय९१५ ड्रायव्हर वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतोय. ल्यूनर लेक या चिपच्या पिढीपासून मात्र नवा एक्सई ड्रायव्हर लागतो. तो कर्नलच्या ६.८ आवृत्तीत, म्हणजे २०२४ साली, आला. तेव्हा जुनं कर्नल धरून बसणारी डिस्ट्रो (लिनक्सची तयार आवृत्ती) असेल तर जपून.

एएमडीकडे माझा कल आहे. त्यांचा एएमडीजीपीयू ड्रायव्हर २०१५ पासून, ४.२ पासून, कर्नलमध्ये आहे. व्हल्कन या ग्राफिक्स इंटरफेससाठीचा आरएडीव्ही ड्रायव्हर मुळात कंपनीबाहेरच्या लोकांनी उभा केला, आणि एएमडीने शेवटी स्वतःचा एएमडीव्हीएलके सोडून त्यालाच जवळ केलं! फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) मात्र इथेही बंदच. कर्नलमधून असे बंद भाग काढून टाकणाऱ्या लिनक्स-लिब्रेवाल्यांनी रागावू नये, मी तेवढी तडजोड करतोय.

एनव्हिडियाने २०२२ मध्ये कर्नल मॉड्यूल खुलं केलं, पण ते ट्युरिंग पिढी आणि त्यापुढच्या चिपसाठीच, आणि त्यांचा वरचा ओपनजीएल-व्हल्कनचा भाग बंदच राहिला. ट्युरिंगवर नूवो (कर्नलमधला खुला ड्रायव्हर) आणि एनव्हीके (मेसातला व्हल्कन ड्रायव्हर) ही जोडी आता वापरण्याजोगी आहे. त्याआधीच्या पास्कल पिढीच्या वाटेला जाऊ नका: एनव्हिडियाची सही लागणाऱ्या फर्मवेअरमुळे नूवोला क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, वाढवताच येत नाही, कार्ड सुरू होतानाच्या वेगावर रांगत राहतं.

या आठवड्यातला खरा धडा वेगळाच. मित्राच्या दोन जीपीयूच्या (ग्राफिक्स चिपच्या) लॅपटॉपवर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावला. आतली एएमडी चिप झकास चालली. बाहेरचा मॉनिटर एचडीएमआयला जोडला आणि पंखा घोंगावायला लागला. कार्ड झोपलंय की जागं ते दाखवणाऱ्या, एनव्हिडिया कार्डाच्या 'रनटाइम स्टेटस'मध्ये 'सस्पेंडेड' जाऊन 'अ‍ॅक्टिव्ह' आलं. कोणतं पोर्ट कोणत्या कार्डाचं ते दाखवणारं सिस-क्लास-डीआरएम फोल्डर उघडल्यावर उलगडा झाला: आतली स्क्रीन एका कार्डाच्या नावाखाली, एचडीएमआय दुसऱ्याच्या. पोर्टची तारच एनव्हिडियाला जोडलेली, तर कार्ड झोपणार कसं? टाइप-सीमधून तोच मॉनिटर लावला, पंखा शांत. स्पेसिफिकेशनच्या पानावर यातलं अक्षरही नव्हतं.

म्हणून कुणी 'हा मॉडेल कसा?' विचारलं, तर मी आधी एलएसपीसीआय या, आतल्या चिपची यादी देणाऱ्या कमांडचं आउटपुट मागतो. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये वेगवेगळ्या चिप निघतात. वेंडर (कंपनीचा) आयडी ८०८६ म्हणजे इंटेल, १००२ एएमडी, १०डीई एनव्हिडिया. पुढचे चार आकडे नेमकी चिप सांगतात.

उरलेल्या दोन्हींत फक्त एएमडीची आतली चिप आहे. एकावर व्हिडिओ डीकोडिंग तपासलं, ठीक. दुसऱ्यावर झोपेचा घोळ आहे: झोपेचे प्रकार दाखवणाऱ्या 'मेम स्लीप'मध्ये फक्त एस२आयडल (हलकी झोप) दिसतंय, डीप (गाढ झोप) नाहीच. झाकण लावून रात्रभरात बॅटरी किती उतरते ते बघायचंय, पण मालक लॅपटॉप रात्रभर सोडायला तयार नाही.