तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं रक्त बघून मिळतं काय?

मी मारामारीच्या ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका बघते, त्यामुळे हा प्रश्न मला वर्षातून तीन-चारदा तरी येतोच, कधी लग्नाच्या पंगतीत तर कधी ऑफिसात डबा खाताना. विचारणारे दोन प्रकारचे असतात. एकांनी माझ्या मोबाईलवर चुकून कुणाचं तरी मुंडकं उडताना बघितलेलं असतं, "अगं कार्टूनमध्ये हे काय?" असा चेहरा करून. दुसऱ्यांना भाच्याने सांगितलेलं असतं की हे ॲनिमे लय डीप असतं, आणि ते चार एपिसोड बघून विचारतात, कुठाय डीप? आत्तापर्यंत मी दोघांनाही काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेलीये, आज नीट सांगते. स्पॉयलर भरपूर आहेत, म्हणजे पुढची गोष्ट फोडणार आहे, नंतर ओरडायचं नाही.

आधी कबूल करते की यातल्या बऱ्याच मालिकांत काहीही खोली नसते. हॉस्टेलवर आम्ही तिघींनी पेनड्राइव्हवरून 'एल्फन लीड' बघितली होती, 2004 ची, 13 एपिसोडची. सुरुवातीलाच ल्युसी नावाची मुलगी प्रयोगशाळेतून पळते आणि वाटेत येईल त्याला फाडत जाते, एक धांदरट सेक्रेटरी बिचारी, जिच्यावर आत्ताच आपण हसलेलो असतो, तिचंही मुंडकं जातं. त्यात टायटल साँग लॅटिनमध्ये आणि चित्रं क्लिम्ट नावाच्या ऑस्ट्रियन चित्रकाराच्या वळणाची, त्यामुळे आम्हाला वाटलं अरे बापरे, ही तर कला आहे! पुढे ल्युसीच्या लहानपणी अनाथाश्रमातली पोरं तिच्यासमोर कुत्र्याचं पिल्लू मारतात तेव्हा तिघीही ढसाढसा रडलो. आता परत बघितलं तर राग आला. पिल्लू मारलं की कोणीही रडेल हो, कांदा चिरला तरी डोळ्यांतून पाणी येतंच की. आणि एवढं सगळं दाखवून घरी आलं की परत तोच कोण कुणावर धडपडून पडला वगैरे पांचटपणा.

तेव्हापासून माझी एकच कसोटी आहे. माणूस जातो एका मिनिटात, घरच्यांची खरी परीक्षा पुढचे तेरा दिवस असते, कोण येतं, कोण येत नाही, स्वयंपाक कोण करतं, त्याच्या चपला कोण उचलतं. जी मालिका मढं टाकून पुढच्या फायटिंगला पळते ती माझ्यासाठी संपली, मग ती कितीही डार्क असो. जी त्या घरात थांबते तिच्यात काहीतरी आहे.

'अटॅक ऑन टायटन'मध्ये (2013 ला सुरू झाली, 2023 ला संपली, दहा वर्षं आमचा जीव खाल्ला) साशा नावाची खादाड मुलगी आहे, पहिल्यांदा नीट भेटते ती सगळ्यांसमोर चोरलेला उकडलेला बटाटा खाताना. तिला शत्रूच्या बाजूची गाबी गोळी घालते, ही पण एक लहान पोरगीच. मालिका इथे थांबत नाही, गाबी पळते आणि खोटं नाव सांगून नेमकी साशाच्याच आईबापाकडे जेवायला राहायला लागते, त्यांना पत्ताच नाही. आणि मग खरं बाहेर येतं तेव्हा साशावर जीव असलेला आचारी तिच्या बापाच्या हातात सुरी देतो, घ्या, मारा हिला. बाप शिकारी माणूस. तो सुरी घेतो आणि खाली ठेवतो, म्हणतो पोरांना तरी या जंगलातून बाहेर काढायला पाहिजे. मला त्यातल्या माणसं खाणाऱ्या सगळ्या राक्षसांपेक्षा, म्हणजे टायटन्सपेक्षा, तो जेवणाचा टेबल जास्त लक्षात आहे.

पण खरं उत्तर 'विनलँड सागा'. मकोतो युकिमुराची मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, 2005 ला सुरू झालेली, ॲनिमे 2019 आणि 2023 चे दोन सीझन, 24-24 एपिसोड. अकराव्या शतकातले व्हायकिंग, थॉर्फिन नावाचं पोरगं डोळ्यांसमोर बापाला मरताना बघतं आणि मारणाऱ्या अस्केलाडच्याच टोळीत सूड घ्यायला राहतं. पहिला सीझनभर कापाकापी, आणि शेवटी अस्केलाडला मारतो दुसराच कोणीतरी! सूड गेला, आता करायचं काय. त्या चोविसाव्या एपिसोडचं नाव काय असावं? 'प्रस्तावनेचा शेवट'. मी रात्री दोन वाजता एकटीच हसले होते.

दुसऱ्या सीझनमध्ये हाच थॉर्फिन डेन्मार्कमध्ये केटिल नावाच्या शेतमालकाचा गुलाम. मालकाचा सौदा असा की जंगल तोडून शेत काढा, गहू पिकवा, त्याच्या पैशातून सुटका विकत घ्या. सोबत एनार, तोही गुलाम. बस्स, एपिसोडच्या एपिसोड दोघं झाडं तोडतायत, खुंट काढतायत. मारामारीसाठी आलेले लोक इथे पळून जातात, माझ्या चुलतभावाने "झोप लागली ताई" म्हणून सोडलं.

मागच्या दिवाळीत मी गावी टीव्हीवर हे परत बघत होते. आमचे अण्णा कोरेगाव तालुक्यात आयुष्यभर शेती केलेले, ॲनिमेला ते "ते चिनी" म्हणतात, जपानी आहे हे सांगून मी दमले. ते सहज बसले आणि खुंट काढायचा सीन सुरू झाला. दोन मिनिटं गप्प, मग म्हणाले, "अगं आधी मुळ्या तोडाव्या लागत्यात, अशी वरनं झटून हालत नाय ती." पुढे ते दोघं एका म्हाताऱ्याकडून घोडा मिळवतात तर "बैल नाहीत व्हय त्यांच्याकडं?" आणि मग तो सीन येतो, मालकाचे गडी रात्रीतून यांचा कोवळा गहू उपटून टाकतात. आत्तापर्यंत मालिकेत शेकडो माणसं मेलीत, अण्णांना त्यातलं काहीच ठाऊक नाही. ते एवढंच म्हणाले, "आरं तिच्यायला."

मला तिथे कळलं की ते पहिल्या सीझनचं रक्त कशासाठी होतं. उपटलेला गहू बघून थॉर्फिन एकाला ठोसा मारतो, मग मार खाऊन बेशुद्ध पडतो आणि स्वप्नात त्याला एक दरी दिसते, खाली मेलेले लोक अजून एकमेकांना कापतायत, आणि त्याने मारलेले सगळे त्याच्या पायाला लोंबकळतायत. जी माणसं पहिल्या सीझनमध्ये आपण "वा काय फायटिंग" म्हणत बघता बघता विसरलो तीच ही. ते बघताना मला जरा ओशाळल्यासारखं झालं, कारण तेव्हा मी पण वा म्हणाले होते.

तर काय मिळतं, तर हे मिळतं, पण दहातल्या एखाद्या मालिकेत, आणि त्यासाठी 24 एपिसोड कापाकापी आणि मग बरेचसे खुंट काढणं सोसावं लागतं. सगळ्यांनी बघावंच असं माझं अजिबात नाही. चुलतभावाने परवा मेसेज केलाय की परत सुरू केलंय, सध्या तो घोड्यापर्यंत आलाय. अण्णा मात्र फोनवर दोनदा विचारून झाले, त्या पोरांनी परत पेरला का गहू.