हतनूरचा चिखल आणि दोन तुताऱ्या

यंदाच्या हिवाळ्यात बदकांच्या मागे फार न लागता काठावरच्या तुताऱ्यांची (चिखलात चरणाऱ्या छोट्या पक्ष्यांची) ओळख पक्की करायची, असं ठरवलं होतं. रविवारी हतनूर धरणाच्या फुगवट्यावर (धरणामागे साचलेल्या पाण्यावर), चांगदेवच्या बाजूला, ते बरंचसं साधलं.

तापी आणि पूर्णा इथे भेटतात आणि पावसाळ्यात दोघी मिळून भरपूर गाळ आणून टाकतात. धरणाच्या आयुष्याच्या दृष्टीने ही काळजीची गोष्ट आहे, पण पाहुण्या पक्ष्यांचं सगळं या गाळावरच चालतं. हिवाळ्यात पाणी उतरू लागलं की काठाला घोटाभर पाणी आणि ओल्या चिखलाचा पट्टा उघडा पडतो. म्हणून मी निघण्याआधी पाणीपातळीची चौकशी करतो. काठोकाठ भरलेल्या पाण्यावर चिखलातले पक्षी दिसत नाहीत.

ऊन पाठीशी घेऊन बसलो आणि नशिबाने हिरवी तुतारी आणि ठिपकेवाली तुतारी एकाच डबक्याला मिळाल्या. ठिपकेवालीची पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत लांब जाते, पाय पिवळसर, पाठीवर ठसठशीत ठिपके. हिरवीची भुवई डोळ्यापाशीच संपते, अंग गडद आणि बांधा जरा जाड. तरीही खरी खात्री पटते ती उडताना. हिरवी उठली की पंखाखालची बाजू जवळजवळ काळी दिसते आणि कमरेचा पांढरा भाग लख्ख चमकतो. ठिपकेवालीचे पंख खालून फिकट असतात. नवीन मंडळींना माझं सांगणं एवढंच: बसलेल्या तुतारीवर नाव ठरवायची घाई करू नका, ती उडेपर्यंत थांबा. मात्र मुद्दाम उडवू नका. थंडीत त्यांना पोट भरायला दिवस लहान असतो.

बदकंही भरपूर होती. थापट्ये गोल गोल फिरत, चोच पाण्यात घालून एकमेकांनी ढवळलेलं खात होते. तलवार बदकांचे नर आता पूर्ण रंगात आलेत. नोव्हेंबरात हेच नर मादीसारखे मळकट दिसतात आणि ओळखताना घोळ होतो. पलीकडे चक्रवाकांच्या जोड्या आणि पट्टकादंबांचा थवा.

गाळपेरीच्या, म्हणजे पाणी उतरल्यावर गाळात पेरलेल्या हरभऱ्यातून एक म्हातारे बाबा आले. "काय पाहून राह्यले भाऊ?" दुर्बीण त्यांच्या हाती दिली. पट्टकादंबाच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे दिसल्यावर म्हणाले, "हे तं रातच्याला आमच्या वावरात उतरतात!" अगदी खरं. हे हंस रात्री शेतात चरतात आणि दिवसा पाण्यावर विसावतात. पीक खाणाऱ्या पाखराबद्दल त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, याचं मला फार बरं वाटलं.

दुपारी जळगावला येऊन मेहरूण तलावावर फेरी मारली. इथे प्रकार कमी, पण पक्षी जवळून दिसतात. लहान मुलांना पहिल्यांदा न्यायचं तर मेहरूणच. चांदवे पाण्यावर धावत उठताना त्यांच्या बोटांच्या पाकळ्या दिसल्या, टिबुकल्या होत्या, एक कवड्या खंड्या जागच्या जागी पंख मारत होता. संक्रांत जवळ आली आहे आणि काठच्या बाभळीत मांजा लोंबतोय. नायलॉनच्या मांजावर बंदी असूनही तो झाडांवर आहेच, आणि संध्याकाळी ढोकऱ्या, बगळे याच झाडांवर बसायला येतात. हाताला लागला तेवढा काढून गुंडाळला. तुमच्या गावच्या तलावावर जाताना कात्री आणि पिशवी जवळ ठेवा.

पुढची फेरी वाघूर धरणावर. आता टिलव्यांची, म्हणजे चिखलातल्याच आणखी लहान पक्ष्यांची पाळी: छोट्या टिलव्याचे पाय काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर, पण चिखलाने माखल्यावर सगळेच काळे दिसतात. तेव्हा पाठीची नक्षी आणि आवाज यांवर काम करायचंय. वाघूरच्या काठाला कुठे चिखल उघडा पडलाय, हे कुणी पाहिलं असेल तर जरूर कळवा.