त्याला बसू दे

"मूस दिसला का?" स्टॉकहोमला परतल्यावर ऑफिसात आणि घरी फोनवर सगळ्यांनी हेच विचारलं. मूस म्हणजे इकडचं प्रचंड मोठं हरीण. दिसला. पहिल्यांदा दिसला तेव्हा तो माझ्यापासून साठ-सत्तर पावलांवर चालत होता, दुसऱ्यांदा दिसला तेव्हा ओढ्याकाठी आडवा पडला होता. मधल्या साडेचार तासांबद्दल मला लिहायचं आहे. नाहीतर प्रवास छान झाला एवढंच सांगून मी गप्प बसले असते.

गेले होते येम्टलँडमध्ये, ओस्टरसुंडच्या पुढे दीड तासावरच्या एका गावात. माझ्या टीममधला एक सहकारी तिथला. उत्तर स्वीडनमध्ये सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी मूसची शिकार सुरू होते आणि त्या आठवड्यात तिकडची माणसं कामावर नसतात, हे इथे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. शनिवारच्या गाडीत कुत्री, रबरी बूट, हातभर लांब पिशव्या, आणि म्हातारे-तरुण सगळे एकाच दिशेने निघालेले. गणपतीला कोकणात जाणारी गाडी मला आठवली. गर्दी तशीच, आवाज मात्र अजिबात नाही. हे लोक गर्दीतही इतके शांत बसतात की मला अजून त्याची सवय झालेली नाही.

मी मांसाहारी आहे, कुडाळजवळच्या गावची आहे आणि लहानपणी घरात भिंतीवर बंदूक पाहिली आहे. म्हणूनच 'चल' म्हटल्यावर मी हो म्हणाले. शिकारीबद्दल माझं मत तयार होतं. ज्यांना जनावर मारताना काही वाटत नाही तेच शिकार करतात, असं मी धरून चालले होते.

सहकारी स्वतः शिकार करत नाही. त्याचे वडील त्यांच्या टोळीचे प्रमुख. वय अडुसष्ट, सुतारकाम करत आयुष्य गेलेलं. स्वीडिशमध्ये लहानथोर सगळ्यांना 'दू' म्हणतात, म्हणजे 'तू'च. पण इथे मराठीत लिहिताना माझ्या हातून त्यांना अरे-तुरे होणार नाही. रविवारी रात्री त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवून अर्धा तास नियम सांगितले. केशरी टोपी काढायची नाही. पहाटे सूर्योदयाच्या तासभर आधीपासून सूर्यास्तापर्यंतच गोळी झाडायची. मादीबरोबर वासरू असेल तर आधी वासरू, मग मादी. मला ते क्रूर वाटलं आणि मी तसं बोललेही. ते म्हणाले, आई आधी मारली तर वासरू हिवाळ्यात एकटं उरतं. आणि शेवटचा नियम: सावज जखमी झालं तर मागावरचं कुत्रं दोन तासांच्या आत तिथे पोचलं पाहिजे. हा नुसता टोळीचा रिवाज नाही, कायदाच तसा आहे.

सोमवारी पहाटे साडेचारला निघालो. चार अंश तापमान. यजमानांची, म्हणजे सहकाऱ्याच्या वडिलांची, बसायची जागा, तिला इथे 'पास' म्हणतात, एका दलदलीच्या कडेला लाकडी मनोऱ्यावर. हीच जागा त्यांच्या वडिलांची होती. कुणी जाणार असेल तर सांगते, थंडीचा त्रास होतोच, पण त्याहून अवघड जातं ते न हलणं. पहिले तीन तास मी मनातल्या मनात चिडचिड करत होते. मग धुकं विरलं, बर्चची पिवळी पानं दिसायला लागली, एक कोल्हा आमच्या खालून गेला, त्याला आम्ही असल्याचा पत्ताही नव्हता. यजमान कुजबुजले, "वर्षातून एवढाच आठवडा मी इतका वेळ गप्प बसतो." शिकार का करता, हे मी विचारलंही नव्हतं.

दुपारी वॉकीटॉकीवर आलं की दुसऱ्या टोकाला वासरू पडलं. 'पडलं' हा माझा शब्द नाही. स्वीडिशमध्ये जनावर मारण्याला जो शब्द आहे, 'फेला', तोच झाड पाडण्यालाही वापरतात. आमच्याकडेही डुक्कर कुणी मारत नाही, पाडतात.

चारच्या सुमाराला कुत्र्याचं भुंकणं जवळ आलं. येम्टलँडचं करडं शिकारी कुत्रं मूसला चावत नाही, त्याच्यासमोर उभं राहून भुंकत राहतं आणि त्याला जागच्या जागी खिळवून ठेवतं. हा नर मात्र उभा राहिला नाही. तो दलदलीच्या कडेने आला, लांब पायांनी, घाई नसल्यासारखा. इतकं मोठं जनावर इतक्या कमी आवाजात चालतं हे मला माहीत नव्हतं. यजमानांनी नेम धरला. बार झाला त्याच क्षणी त्याने एक पाऊल पुढे टाकलं.

पाठ कमानीसारखी वर झाली, आणि तो झाडीत गेला.

मला वाटलं आता हे उठतील, धावतील. ते उठले नाहीत. बंदुकीत दुसरी गोळी सरकवली, आणि बसून राहिले. पंधरा मिनिटांनी खाली उतरून ते तो उभा होता तिथे गेले. शेवाळावर गुडघे टेकून बघत राहिले. मलाही दाखवलं. फुप्फुसाला लागलं तर रक्त लालभडक आणि फेसाळ असतं. इथे ते थोडंच होतं, काळपट, आणि त्यात चावलेल्या पानांचे हिरवट कण मिसळलेले. चार-पाच राठ केस. त्यांनी वॉकीटॉकी उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं: "माझा बार. पोटात लागलाय. चूक माझी."

मी म्हणाले, मग चला ना पाठोपाठ, तो तिकडे तडफडत असेल!

ते म्हणाले, "नाही. त्याला बसू दे."

आता माझ्या आजोबांचं सांगते. आमच्याकडे भिंतीवर जी ठासणीची बंदूक होती ती शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. कापणीच्या तोंडावर भात पिकलं की रानडुकरं एका रात्रीत मळा लोळवून टाकतात, म्हणून कोकणात असे परवाने दिले जायचे. मी पाहिली तेव्हा ती बंदूक वर्षानुवर्षं वाजलेली नव्हती. आजोबा तिला तेल द्यायचे आणि निवडणूक लागली की नियमाप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा करून यायचे, एवढाच तिचा प्रवास. त्यांनी शेवटचा बार काढला तो माझ्या जन्माच्या आधी, १९७२ चा वन्यजीव कायदा यायच्याही आधी. रात्री शेतात डुकराला बार लागला, पण डुक्कर पडलं नाही, रानात शिरलं. बरोबरची माणसं कंदील घेऊन मागे जायला निघाली तेव्हा आजोबा म्हणाले, "बसांदे त्येका." आणि शेताच्या बांधावर बसून राहिले. पुढे पाऊस आला, रक्ताचा माग धुऊन गेला, डुक्कर काही मिळालं नाही. गावात ही गोष्ट सांगितली जायची ती हसत. आजोबा भ्याले, जखमी डुकराच्या मागे काळोखात जायची छाती झाली नाही, आणि म्हणून बंदूक टांगली. मी लहानपणापासून हेच ऐकलं. आणि खरं मानलं. शाळेत असताना एकदा भांडताना मी त्यांना ते तोंडावर बोललेही होते. ते काही बोलले नाहीत.

शेवाळात गुडघ्यांवर बसलेल्या एका स्वीडिश सुताराने तेच शब्द उच्चारले आणि मला काही सुचेना. मी विचारलं, बसू दे म्हणजे काय? पोटात गोळी लागलेलं जनावर थोडं लांब जाऊन बसतं, त्यांनी समजावलं. एकदा बसलं की त्याला उठता येत नाही. लगेच पाठलाग केला तर ते भीतीने मैलोन्मैल पळत राहतं आणि मग कुणालाच सापडत नाही. थांबायचं. थांबणं सोसत नाही, तरी थांबायचं.

तर दोन तास थांबायचं ठरलं. टोळीतली सगळी माणसं जमली. शेकोटी पेटली, काळ्या किटलीत कॉफी उकळली, भाजायला आणलेले सॉसेज पिशवीतच राहिले. कुणी यजमानांना 'होतं असं' म्हणालं नाही, धीर दिला नाही, बोललंही नाही. एरवी या माणसांचा अबोलपणा मला परका वाटतो. त्या संध्याकाळी तोच आदर वाटला.

माझ्या बाजूला बसलेली एक तिशीतली मुलगी, पेशाने नर्स, हळू आवाजात माझ्याशी बोलली. १९८५ पासून इथे शिकारीला परीक्षा सक्तीची आहे, ती तिने विसाव्या वर्षी दिली. मी विचारलं, मारल्यावर कसं वाटतं? ती म्हणाली, दर वेळी रडू येतं आणि दर वर्षी मी येते. या दोन्हींत तिला विसंगती वाटत नव्हती. मांस हवं म्हणून येते, म्हणाली, आणि आपल्या हाताने केलेल्या गोष्टीचं वाईट वाटायला हवं म्हणूनही. पलीकडचे एक आजोबा सांगत होते, जंगलाची नवी पाईनची रोपं हिवाळ्यात मूस खाऊन टाकतात, म्हणून संख्या आटोक्यात ठेवावी लागते. १९८२ साली देशभरात पावणेदोन लाखांच्या आसपास मूस मारले गेले होते, आता आकडा त्याच्या निम्म्याच्याही खाली आहे. सगळं खरं होतं. पण ते सांगताना त्यांचीही नजर झाडीकडेच होती. रोपांसाठी कुणी दोन तास असं बसत नाही.

मागावरचं कुत्रं आलं ते बघून मी चकित झाले. डॅक्सहुंड, राठ केसांचा, आखूड पायांचा, मांजराहून जरा मोठा. दहा मीटरच्या चामडी दोरीला बांधून त्याच्या मालकिणीने त्याला रक्तापाशी आणलं. त्याने नाक शेवाळात खुपसलं आणि तो हळूहळू, एकदाही मान वर न करता चालायला लागला. मागे मालकीण, तिच्यामागे यजमान बंदूक घेऊन, आणि बऱ्याच अंतरावर मी. दोनदा माग तुटला. दोनदा ते मागे येऊन पुन्हा पहिल्यापासून निघाले. दलदलीत माझा एक बूट रुतला तो ओढून काढेपर्यंत अंधार झाला होता. सूर्य मावळल्यावर गोळी नाही, पण जखमी सावजाच्या शोधाला ही बंदी लागू नाही. डोक्यावरचे दिवे लावून आम्ही चालत राहिलो.

साडेआठला कुत्रं थांबलं आणि दोरी ताठ झाली. मालकिणीने हात वर केला. एक बार झाला, आणि मग फक्त ओढ्याचा आवाज.

मी पोचले तेव्हा यजमानांनी टोपी काढलेली होती. त्यांनी मूसच्या मानेवर तळवा ठेवला होता, जनावराला थोपटतात तसा नाही, नुसता टेकवलेला. दिव्याच्या उजेडात त्याच्या पापण्यांचे केस दिसत होते, लांब आणि वरच्या बाजूला करडे. यजमान बराच वेळ तसेच राहिले. मग मला म्हणाले, "मारल्याचं मला वाईट वाटत नाही. हे चार तास मला आयुष्यभर पुरतील."

मंगळवार ते शुक्रवार पाऊस, मनोरा, पुन्हा पाऊस. मूस पाडला गेला नाही, आणि मला त्याचं बरं वाटलं.

सोमवारचं मांस शेडमध्ये टांगलेलं होतं. किती दिवस टांगायचं याचा त्यांचा हिशोब आहे. रोजचं सरासरी तापमान बेरजेत धरत जायचं आणि चाळीस भरले की उतरवायचं. आठ अंश असेल तर पाच दिवस. शनिवारी ते भरले. पोटात गोळी लागल्यामुळे एका बाजूचं बरंच मांस वाया गेलं होतं आणि ते कापून काढायचं काम यजमानांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. मग लांब टेबलावर सारखे ढीग मांडले. एकाने सगळ्यांकडे पाठ केली, दुसरा एकेका ढिगावर बोट ठेवून विचारायचा, "हा कुणाचा?" आणि पाठ केलेला माणूस नाव घ्यायचा. मी लहान असताना आमच्या अंगणात केळीच्या पानांवर वाटे घातले जायचे ते आठवलं. यजमानांनी आपला वाटा डॅक्सहुंडच्या मालकिणीच्या गाडीत ठेवला.

गाडीत बसल्यावर मी कुडाळला काकाला फोन लावला. सगळं सांगितलं. मग विचारलं, "काका, आजोबांचा तो डुक्कर कधीच मिळाला नाही ना?"

काका थोडा वेळ गप्प राहिला. "मिळाललो," तो म्हणाला. "तीन दिवस बाबा रोज पहाटे एकटे रानात जायत. कोणाक सांगूक नाय. मी बारीक होतंय, तिसऱ्या दिवशी माका घेवन गेले."

"कुठे होता?"

"व्हाळात. पाण्याकडे तोंड करून बसललो."